श्रावणभाऊंची लाल नळी

आमच्या लॅबमध्ये लाल रंग शुभ होता. नळी लाल झाली की माणूस सुटला. नाही झाली, नुसता एक लाल ठिपका तळाशी बसला आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं, की समजायचं, याच्या मागे काहीतरी लागलंय. बीएस्सी होऊन मी नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये लागले तेव्हा मला हे सगळं उलटंच वाटायचं. ते सुलटं करून सांगितलं श्रावणभाऊंनी. श्रावणभाऊ डॉक्टर नव्हते आणि टेक्निशियनही नव्हते. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा होता प्राणीगृह परिचर. म्हणजे लॅबच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक मेंढी, आठ-दहा ससे आणि गिनीपिगचे दोन पिंजरे होते. त्यांचं खाणंपिणं, झाडलोट आणि रक्त काढताना त्यांना धरणं, हे यांचं काम.

पहिल्याच दिवशी साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी, मला मेंढीचं रक्त आणायला पाठवलं. मी गांधीबागेत कापडाच्या दुकानात कारकुनी करणाऱ्या माणसाची मुलगी. लोकर मला माहीत होती, तिच्या आतली मेंढी नव्हे. शेडमध्ये गेले तर खाकी कपड्यांतला एक उंच, सावळा माणूस मेंढीसमोर उकिडवा बसून तिला संत्र्याची सालं भरवत होता. चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला. माझ्याकडे न बघता तो मेंढीला म्हणाला, "राणी, नव्या बाई आल्या. भेऊन राहिल्या जराशा. तू सांभाळून घे."

मी खरंच भेऊन राहिले होते. त्यांनी राणीची मान आपल्या गुडघ्याला टेकवली, हनुवटीखाली हात घातला, मानेवरची शीर अंगठ्याने वर आणली आणि म्हणाले, "झालं बाप्पा, झालं." मी म्हटलं, अहो, अजून मी सुई लावलीच नाही. तर म्हणतात, "तुमाले नाई म्हटलं बाई, तिले म्हटलं. टोचल्यावर सांगून का फायदा? आधी सांगतलं का तिचा जीव थंडा होते." आणि राणी खरोखर थंड उभी राहिली. थरथरत होते ती मीच.

माझ्या नोकरीत तीन मेंढ्या झाल्या आणि तिन्ही राणीच होत्या. नवी आली की नाव तेच. सालं मात्र खरी गिनीपिगसाठी असायची. संत्र्यांच्या दिवसांत ते फळवाल्यांकडून पिशवीभर सालं गोळा करून आणत. "आपलं अन् या गिनीपिगचं एकच आहे," ते सांगायचे, "आंबट भेटलं नाई का आंग खचते." ते पुस्तकातही तसंच लिहिलेलं होतं हे मला दोन वर्षांनी कळलं. त्यांच्या शर्टाला संत्र्याचा आणि मेंढीचा असा मिळून एक वास यायचा. हळूहळू तो मलाही यायला लागला. आई मला दारातच थांबवून आधी न्हाणीघरात पिटाळायची.

आता ती तपासणी थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्या रोगाला डॉक्टर सिफिलिस आणि आपल्याकडे गरमी म्हणतात आणि ज्याचं नाव घरात कोणी काढत नाही, त्याची ती तपासणी. रोग अंगात शिरला की शरीर रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं सोडतं. ती डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून हा सगळा आटापिटा. गिनीपिगच्या रक्तात एक द्रव्य असतं. प्रतिपिंडांनी ज्याला धरलं त्याला ते फोडतं. रोग्याच्या रक्तात प्रतिपिंडं असली तर ती आम्ही नळीत टाकलेल्या अर्काला धरतात आणि हे द्रव्य तिथेच खर्ची पडतं. मग आपण नळीत मेंढीचे रक्तकण टाकतो, सशाच्या प्रतिपिंडांनी आधीच धरून ठेवलेले. द्रव्य शिल्लक असलं तर कण फुटतात आणि नळी लाल होते. नसलं तर कण फुटत नाहीत, तळाशी जाऊन बसतात.

मला हे तीनदा वाचूनही झेपलं नव्हतं. श्रावणभाऊंनी ससा धुता धुता सांगितलं, "मेंढी गुन्हेगार, ससा पोलीस, गिनीपिग जल्लाद. जल्लाद पहिल्या घरी कामाले लागला का दुसऱ्या घरी येत नाई. इतकंच आहे बाई. बाकी इंग्रजी आहे."

तोवर काचपट्टीवर पाच मिनिटांत होणारी सोपी तपासणी आली होती. पण आमच्या साहेबांचा तिच्यावर विश्वास नव्हता. साहेब पुण्याकडचे, कडक इस्त्रीचे, आणि जुन्या रीतीवर जीव असलेले. त्यामुळे राणीची नोकरी टिकली आणि श्रावणभाऊंचीही.

परीक्षा जवळ आली की डॉक्टरकीची पोट्टी शेडमध्ये गर्दी करायची. वह्या घेऊन पिंजऱ्यांच्या मध्ये उभी. श्रावणभाऊंची एक अट असे, पाला निवडायला हात लावायचा. आणि त्यांची स्वतःची एक अडचण होती. हातात जनावर असल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. मोकळ्या हातांनी ते हो-नाहीच्या पुढे जायचे नाहीत. ससा कुशीत घेतला की मात्र धबधबा.

"रोगाशी लढायची ताकत तीन परकारची," ते सुरू करायचे. "जन्माची, कमाईची अन् आयती. जन्माची म्हणजे ही चामडी, डोळ्यातलं पाणी, पोटातलं आंबट, अन् रगतातले ते शिपाई. काटा भरला, पू झाला. पू म्हणजे का गा? आपले शिपाई मेले तिथी. त्याईनं इचारलं नाई कोण आला, कुठला आला. आला का हान. कमाईची तशी नसते. ते सावकाश येते, हप्ता-दोन हप्ते घेते, पन मानूस पाहून घेते. अन् एकदा पाहून घेतला का इसरत नाई." मग स्वतःच्या गालावर बोट ठेवायचे. "हे पा. पाच वर्साचा होतो. माह्या दोन बहिनी गेल्या देवीत, मी उरलो. आता देवी माह्या दारात पाय ठेवत नाई. ही माही कमाई." बहिणींचं ते इतक्या सरळ सांगायचे की पोरांना पुढे लिहावं की थांबावं कळायचं नाही.

"अन् आयती?" कोणीतरी विचारायचं.

"आयती मायच्या नाळेतून भेटते, दुधातून भेटते. नाईतर घोड्याच्या रगतातून काढून बाटलीत भरून देते, धनुर्वाताची. लगेच काम करते. पन टिकत नाई. आयतं कधी टिकते का?"

कमाईचेही ते दोन भाग करायचे, एक रसाची आणि एक पेशींची. रसाची म्हणजे प्रतिपिंडं, ती रक्तात वाहत जातात. पेशींची कोणती, तर टीबीची सुई हातावर टोचली की तिसऱ्या दिवशी कडक गाठ येते ती. "काहून तिसऱ्या दिवशी? काहून का पेशी सोता चालत येऊन राहिल्या. चालत येनाऱ्याले टाईम लागते."

एका वर्षी मुंबईहून परीक्षक आले. अमरावतीकडचा एक पोरगा तोंडी परीक्षेत असा गळपटला की इंग्रजीही गेलं आणि मराठीही. परीक्षकांनी दया येऊन साधा प्रश्न टाकला, प्रतिकारशक्तीचे प्रकार सांग. पोरगा डोळे मिटून म्हणाला, जन्माची, कमाईची, आयती. परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. आयती टिकते किती दिवस? पोरगा म्हणाला, "आयतं कधी टिकते का सर?" मी बाजूला स्लाइडी लावत होते. साहेबांनी छताकडे पाहिलं. पोरगा पास झाला. दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये पेढे घेऊन आला. श्रावणभाऊंनी एक स्वतः खाल्ला, एक राणीला दिला आणि त्याला विचारलं, "पाला कोन निवडते? तुहा मुंबईचा परीक्षक?"

एवढा हा माणूस, आणि सुईला भ्यायचा. राणीला, सशांना टोचताना धरून बसायचा. स्वतःच्या दंडाजवळ सुई आली की मात्र पसार. दरवर्षी इस्पितळात सगळ्यांना टायफॉइडची लस टोचायचे. ती टोचली की ताप यायचा, हात सुजायचा, सगळेच कुरकुरायचे. श्रावणभाऊ कुरकुरायचे नाहीत, ते दिसायचेच नाहीत. एका वर्षी नर्स ट्रे घेऊन शेडपर्यंत आली. शेड रिकामी. कोपऱ्यात पोत्यांचा ढीग आणि राणी त्या ढिगात तोंड खुपसून बें बें करत होती. सालं खिशात राहिली होती ना. नर्सनं पोतं उचललं. श्रावणभाऊ आत बसलेले, अगदी गंभीर. म्हणाले, "माही कमाईची आहे."

"ती देवीची," नर्स म्हणाली. "ही टायफॉइडची."

"एक कमाई दुसऱ्या कामाले येत नाई," असं तेच पोरांना शिकवायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी त्यावर वाद घातला. चौघांनी धरलं तेव्हा लस टोचली गेली. नंतर दोन दिवस ते राणीशीही बोलले नाहीत.

हे सगळं सांगून मी सुमनच्या गोष्टीवर येते, कारण श्रावणभाऊ म्हटलं की मला ती तीन महिन्यांची गोष्टच आधी आठवते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत बारा मुली नव्या आल्या होत्या. त्यांत सुमन कुहीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, धानाची शेती असलेल्या कुणबी घरची. मॅट्रिक झालेली गावातली पहिली मुलगी. बापानं हो-ना करत, भावकीशी भांडून पाठवलेली. नियमाप्रमाणे आल्या आल्या बाराही जणींना देवी टोचली आणि पुढच्या आठवड्यात आरोग्य तपासणी म्हणून रक्त घेतलं. तपासणी मी केली. अकरा नळ्या लाल झाल्या. बारावी झाली नाही. मी पुन्हा लावली, पुन्हा तळाशी ठिपका. मी रिपोर्ट लिहिला, साहेबांनी सही केली, कागद मेट्रनकडे गेला. मेट्रन म्हणाली, शनिवारी मुलीच्या बापाला बोलवा आणि तिला परत पाठवा.

त्या वेळी मला काही वाटलं नव्हतं, हे कबूल करते. उलट वाटलं, दिसायला गरीब गाय आणि बघा.

शुक्रवारी सकाळी ती लॅबच्या खिडकीशी आली. तिला कोणी धड सांगितलं नव्हतं, नुसतं तुझ्या रक्तात दोष आहे एवढंच. "बाई, मले का झालं?" तिनं विचारलं. मी कागद चाळत राहिले. ती उभी राहून दंड खाजवत होती. मागून श्रावणभाऊ लसूणघासाचा भारा घेऊन येत होते, ते थांबले.

"कायले खाजवतं वं? पाहू दे."

तिनं बाही वर केली. दंडावर देवीचा फोड, रुपयाएवढा, भोवती लाली, मध्ये नुकती खपली धरलेली.

"कधी टोचली?"

"अकरा दिवस झाले."

"अन् रगत कधी देल्लं?"

"परवा."

"लहानपनी नाई टोचली?"

"टोचनारा गावात आला का माय मले धानाच्या कनगीत बसवे."

श्रावणभाऊंनी भारा खाली ठेवला. बाकीच्या मुलींचे दंड कसे आहेत, म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, त्यांना बारीक पुटकुळी आली आणि चार दिवसांत गेली. ते माझ्याकडे वळले आणि हात मोकळे असूनही बोलायला लागले, तेव्हा मला कळलं की काहीतरी मोठं आहे. "बाई, त्या अकरा पोट्ट्याईच्या आंगानं देवी ओळखली. जुनी ओळख होती. इच्या आंगात पयलाच पाहुना आला. इच्या घरात आता नुसती धावपळ चालू आहे."

मी फणकारले. "म्हणजे माझी टेस्ट चुकली म्हणता?"

"टेस्ट नाई चुकली. टेस्टनं खरं सांगतलं, का आंगात गडबड आहे. कायची गडबड, ते तिले कुठी मालूम?"

मी म्हटलं, हे साहेबांना कोण सांगणार? त्यांची सही झालेली आहे. श्रावणभाऊंनी एकदा शेडकडे पाहिलं, आत गेले आणि एक पांढरा ससा कुशीत घेऊन बाहेर आले. तसेच साहेबांच्या खोलीत. मी मागोमाग, कारण मला राहवलं नाही.

साहेब चहा पीत होते. "ससा कशाला आणलास?"

"हातात काई नसलं त मले बोलता येत नाई साहेब."

साहेब दरवर्षी नव्या वर्गाला या तपासणीवर व्याख्यान द्यायचे. इंग्रजीत सुरू करायचे आणि खेड्यातल्या मुलांची तोंडं बघून मध्येच मराठीवर यायचे. शेजारी श्रावणभाऊ दाखवण्यापुरता ससा धरून उभे असायचे. अशी पंधरा-सोळा वर्षं उभे राहिले होते. आता त्यांनी सशाच्या पाठीवरून हात फिरवला आणि साहेबांच्याच पुणेरी आवाजात, स्वच्छ अनुनासिकांसकट म्हणाले, "मुलांनो, लक्षात ठेवा. ही तपासणी संशय घेते, शिक्षा देत नाही. मलेरियात, महारोगात, आणि नुकतीच देवी टोचलेल्या माणसात ती खोटं बोट दाखवू शकते. अशा वेळी घाई करणारा डॉक्टर गाढव समजावा."

कप अर्ध्या वाटेत थांबला. मला वाटलं, गेली यांची नोकरी. श्रावणभाऊ घाईनं आपल्या आवाजात म्हणाले, "शेवटचं तुमीच म्हनता साहेब. मी नाई."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग मला म्हणाले, हॉस्टेलातून लसीची तारीख मागवून घ्या. तारीख आली. साहेबांनी रिपोर्टवर लाल शाईनं लिहिलं, निष्कर्ष राखून ठेवला आहे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. मग श्रावणभाऊंकडे न बघता म्हणाले, "गाढव ससा घेऊन जा आता." कोणाला गाढव म्हटलं ते त्यांनी स्पष्ट केलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

मेट्रननं बापाचं बोलावणं थांबवलं, जागा राखायचंही कबूल केलं, पण निकाल लागेस्तोवर हॉस्टेलात ठेवायला ती तयार होईना. आता आली पंचाईत. तीन महिने मुलगी घरी गेली तर गाव विचारणार, काहून परत आली? आणि बाप काही पुन्हा पाठवायचा नाही. लग्न लावून मोकळा होईल. सुमन शेडच्या पायरीवर बसून रडत होती. तिचं सगळं त्या एका नळीवर टांगलेलं, आणि ती नळी मी लावलेली. मला माझी फार लाज वाटली.

श्रावणभाऊ मांडीवरच्या गिनीपिगला पाला भरवत म्हणाले, "माह्या क्वार्टरात राह्यजो. मायी बायको आहे, तीन पोरी आहेत, चौथी तू." मग जरा थांबले. "आमी छप्पन साली दीक्षा घेतली. तुह्या घरच्याईले चालन का नाई, इचार करून ठेव. आमच्या इथं जेवशीन ना?"

सुमननं डोळे पुसले. "तुमी वाढसान त जेवीन," ती म्हणाली.

तीन महिने ती शेडमध्ये राबली. पिंजरे धुतले, पाला निवडला, गिनीपिगची वजनं लिहिली. श्रावणभाऊंनी तिला त्यांची एकमेव विद्या शिकवली, धरायची. "दाबायचं नाई वं. इतकं धर का त्याले वाटलं पायजे, कोनी आहे आपल्यापाशी. त्याच्याहून जास्त नाई. एक हात पाठीवर, अंगठा कानामागं. अन् आधी सांगायचं." तिचा ससा पहिल्या दिवशी पळाला, दुसऱ्या दिवशी चावला. महिन्याभरात ती डुलकी काढणाऱ्या सशाचं रक्त काढायची आणि त्याची डुलकी मोडायची नाही. मी हे काम सहा वर्षं करत होते, माझ्या हातात ससे अजून लाथा मारत होते.

एका रविवारी तिचा बाप तांदळाचं पोतं घेऊन अचानक आला. पोरगी मेंढीचे खूर साफ करत बसलेली. तो बघतच राहिला. "हे नर्सिंग आहे का?"

श्रावणभाऊ जवळच्या गिनीपिगला उचलून घेत म्हणाले, "पयले तीन महिने हेच असते. जनावरावर हात बसला का मग मानूस देते." बापाला ते पटलं. बैलाच्या कामातही असंच असतं, म्हणाला. क्वार्टरात गेल्यावर गयाबाईंनी, श्रावणभाऊंच्या बायकोनं, चहा पुढे केला तेव्हा तो जरा चुळबुळला. सुमननं आपला कप उचलून प्यायला सुरुवात केली. मग त्यानंही घेतला. पोतं मात्र तिथेच ठेवून गेला.

ऑगस्टात तीन महिने भरले. रक्त मी काढलं. श्रावणभाऊंनी सुमनचा हात धरला आणि तोंड भिंतीकडे करून डोळे गच्च मिटून घेतले. ती त्यांना म्हणाली, "झालं बाप्पा, झालं," आणि तिघेही हसलो. पण नळ्या लावून मी कोमट पाण्याच्या कुंडात ठेवल्या तेव्हा कोणाला हसू येईना. अर्धा तास. साहेबही काहीतरी शोधण्याचं निमित्त करून लॅबमध्ये घोटाळत होते. श्रावणभाऊ आत आलेच नाहीत, शेडमध्ये राणीच्या शेजारी जाऊन बसले. सुमन त्यांच्याजवळ.

मी नळ्या उचलल्या. पहिली सुमनची. उजेडाकडे धरली. तळाशी काही नव्हतं. वरपासून खालपर्यंत स्वच्छ लाल, डाळिंबाच्या सरबतासारखी. मी ती नळी साहेबांना न दाखवताच शेडकडे पळाले. हे नियमात बसत नव्हतं.

श्रावणभाऊंनी विचारलं, "लाल?"

"लाल."

त्यांनी नळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग डब्यातली अर्धी भाकर काढून राणीला दिली. "तुहे कन फुटले वं राणी," एवढंच म्हणाले. सुमननं वाकून त्यांच्या पायांना हात लावला तर ते मागे सरकले. त्यांना असलं आवडत नसे. "जाय, मेट्रनले दाखव पयले. मागाहून रडजो."

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. सुमन नर्स झाली, मग आमच्याच इस्पितळात लागली. साहेब निवृत्त झाले, नव्या साहेबांनी काचपट्टी आणली आणि शेवटच्या राणीला काम उरलं नाही. ती म्हातारी होऊन शेडमध्येच गेली. श्रावणभाऊही निवृत्त होऊन कळमेश्वरजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. शेडमध्ये आता कोणीतरी जुन्या खुर्च्या भरून ठेवल्या होत्या.

असंच चार-पाच वर्षांनी एका सकाळी मी बाह्यरुग्ण विभागातून जात होते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लसीची रांग. तेव्हा ती लस पोटात टोचायचे, रोज एक अशी चौदा दिवस. रांगेत गयाबाई उभ्या, आणि त्यांच्या मुठीत श्रावणभाऊंचा सदरा. घट्ट धरलेला. भाऊंच्या पिंढरीला पट्टी होती. खूप वाळले होते. मला पाहून त्यांना फार आनंद झाला, मला वाटलं सुटकेचा मार्ग दिसल्याचा असावा.

"बाई, तुमी सांगा इले. तीस वर्सं जनावरात राहिलो, मले का होते?"

"एक कमाई दुसऱ्या कामाला येत नाही," मी म्हटलं. "आणि श्रावणभाऊ, ही लस मेंढीच्या मेंदूपासून बनते. ठाऊक आहे ना?"

त्यांना ठाऊक होतं. ते थोडे शांत झाले. "राणीची जात," म्हणाले. "तीस वर्सं मी तिचं रगत काढलं, आता ते मायं पोट पाहून राहिली."

आत टेबलाशी सिस्टर सुमन होती. पांढऱ्या टोपीत, कमरेला पट्टा, मागे दोन शिकाऊ मुली. तिनं त्यांना पाहिलं आणि एका शिकाऊ मुलीच्या हातातली सुई स्वतः घेतली. त्यांना पलंगावर झोपवलं. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. एवढा घाबरलेला म्हातारा माणूस मी क्वचित पाहिला. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले तर तिनं मानेनंच नको म्हटलं. डावा हात त्यांच्या खांद्याखाली सरकवला, अंगठा कानामागे टेकवला. दाबला नाही. श्रावणभाऊंनी डोळे गच्च मिटले.

"झालं बाप्पा, झालं," ती म्हणाली.

श्रावणभाऊ डोळे मिटूनच हसले. "मले शिकवतं का वं? मायीच चाल मायावर. अजून टोचलंच नाई, मले मालूम आहे."

सुमननं रिकामी सुई ट्रेमध्ये ठेवली. "टोचलं," ती म्हणाली. "कापूस दाबून धरा. उद्या याच वेळेले यायचं."